एका गोळीची दोन नावे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. औषधशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण तापाची गोळी आपणां प्रत्येकीच्या घरात असते, म्हणून तिच्या नावाविषयी चार शब्द सांगते.

या गोळीतले औषध म्हणजे पॅरासिटामॉल. त्याचे पाळण्यातले नाव भलतेच लांब आहे : पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फेनॉल. पण यातला एकही तुकडा बिनअर्थाचा नाही. 'ॲसिटिल' आला लॅटिन भाषेतल्या शिरक्याच्या नावावरून. 'अमिनो'चे मूळ नवसागरात. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तोच हा नवसागर. युरोपात त्याला आमोन देवाचे मीठ म्हणत. 'फेनॉल'मध्ये उजळण्याचा ग्रीक शब्द आहे, कारण दिव्यांसाठी कोळशाचा गॅस काढताना जे डांबर उरे, त्यात हा पदार्थ सापडला. आणि 'पॅरा' म्हणजे यातले दोन तुकडे समोरासमोर बसलेले आहेत.

एवढे नाव रोज कोण घेणार? म्हणून इंग्लंडात पॅरा, ॲसिट, अम आणि शेवटचे ऑल एवढेच ठेवून पॅरासिटामॉल झाले. आपल्याकडेही तेच चालते. अमेरिकेत ॲसिट, अमिनो आणि फेन उचलून ॲसिटामिनोफेन केले. तिकडे १९५५ साली निघालेल्या टायलेनॉलचे नावही त्याच लांब नावातून कापलेले आहे. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. बाई मात्र तीच!

भगिनींनो, गंमत इथे संपते. परदेशातून मुलाने आणलेली गोळी आणि इथली क्रोसिन, दोन्ही वेगळ्या समजून घेतल्या, तर औषध दुप्पट पोटात जाते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही हेच असते. मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये. वर गेल्यास यकृताला इजा होते, आणि ती पहिल्या दिवशी कळतही नाही. अशक्त माणसाला किंवा ज्याचे यकृत आधीच बिघडले आहे त्याला याहून कमीच. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच विचारावी.

आपण डाळ निवडल्याशिवाय शिजवीत नाही. तशीच गोळीची पट्टी वाचल्याशिवाय गोळी देऊ नये. इंग्रजी येत नसेल तर दुकानदाराला न लाजता विचारावे, "यात पॅरासिटामॉल आहे का?"