विद्यार्थी आणि पोलीस : ओळखीतून विश्वासाकडे

(दासगाव, तालुका महाड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



‘विद्यार्थी पोलीस कॅडेट’ या योजनेविषयी चार शब्द बोलण्यास आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आभारी आहे. मुलामुलींनी या योजनेत का सामील व्हावे, आणि त्यांना सामील करून घेताना वडीलधाऱ्यांनी कोणती दक्षता घ्यावी, या दोनच प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

या उपक्रमाचा आरंभ केरळ राज्यात २ ऑगस्ट २०१० रोजी १२७ शाळांतून झाला. पुढे २१ जुलै २०१८ रोजी हरियाणातील गुरुग्राम येथे त्याला राष्ट्रीय स्वरूप देण्यात आले. योजनेचा भर इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांवर आहे. तिला वेगळे पाठ्यपुस्तक नाही, परीक्षाही नाही. रस्ता सुरक्षा, महिला व बालकांची सुरक्षितता, सामाजिक कुप्रथांना व भ्रष्टाचाराला विरोध आणि आपत्ती व्यवस्थापन हे विषय एका बाजूस. तर सहिष्णुता, सहानुभूती, ज्येष्ठांचा आदर, संघभावना व शिस्त हे संस्कार दुसऱ्या बाजूस, अशी तिची मांडणी आहे.

यातील खरा लाभ कवायतीपेक्षा ओळखीचा आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, हे आपल्याकडे शहाणपणाचे लक्षण मानले जाते. या समजुतीला इतिहास आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी याच दासगाव बंदरात उतरले, तेव्हा जिल्हादंडाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन पोलीस अधिकारी त्यांच्यासमोर उभे राहिले. परकीय राजवटीत पोलीस म्हणजे सत्तेचा हात होता. आज कायदा आपला आहे. परंतु जुने भय मात्र पुष्कळ घरांतून शिल्लक आहे. त्याची किंमत दुर्बलांना मोजावी लागते. वाटेत छेड काढली गेलेली मुलगी गप्प बसते, फसविला गेलेला शेतमजूर तक्रार करीत नाही. फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, आणि तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते, ही साधी गोष्ट चौदा वर्षांच्या मुलीस ठाऊक झाली तर ती साऱ्या घरास ठाऊक होते.

दुसरे कारण आपल्या भूमीशी निगडित आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील महामार्गाचा पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला. अशा वेळी रस्ते बंद पडतात, वीज जाते, आणि बाहेरची मदत पोहोचेपर्यंत गावाला गावच उरते. ११२ या क्रमांकावर नेमके ठिकाण कसे सांगावे, कोणत्या घरात किती माणसे राहतात याची यादी कशी तयार ठेवावी, रुग्णवाहिकेची वाट मोकळी का ठेवावी, अफवेला पायबंद कसा घालावा, हे शिकलेली मुले त्या पहिल्या तासांत फार उपयोगी पडतील. मात्र त्यांना दरडीच्या ढिगाऱ्यावर किंवा पुराच्या पाण्यात कदापि पाठवू नये. ते काम प्रशिक्षित प्रौढांचे आहे.

येथेच दक्षतेचा प्रश्न येतो. कॅडेट हा पोलीस नव्हे. त्याला अटकेचा वा झडतीचा कोणताही अधिकार नाही. जत्रेच्या बंदोबस्ताला कमी पडलेले मनुष्यबळ म्हणून त्याचा वापर होऊ नये. शेजाऱ्यांच्या बातम्या पुरविणारा म्हणूनही कोणी त्याच्याकडे पाहू नये. तसे झाले तर जो विश्वास निर्माण करावयाचा, तोच नष्ट होईल. ही योजना पोलीस भरतीची हमी नाही, हेही पालकांना आरंभीच स्पष्ट सांगावे. ज्यांना पुढे प्रत्यक्ष सेवा करावयाची आहे, त्यांना वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर गृहरक्षक दलाचा मार्ग आहे. त्या दलाची स्थापना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत झाली.

प्रवेश शाळेमार्फत आणि पालकांच्या संमतीनेच व्हावा. निवडताना धिप्पाड मुलेच पुढे येतात, असा अनुभव सर्वत्र आहे. लाजऱ्या मुलामुलींना या शिक्षणाची गरज अधिक, हे शिक्षकांनी ध्यानी ठेवावे. डोंगरावरील वाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची परतीची एस.टी. चुकणार नाही, अशा बेताने कवायतीची वेळ ठरवावी. एरवी मुली पहिल्या महिन्यातच गळतील.

ज्या शाळेत पथक नाही, तेथील शाळा व्यवस्थापन समितीने शिक्षणाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्याकडे लेखी मागणी करावी. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या सप्ताहात शिक्षकांनी मुलांना जवळच्या ठाण्यात न्यावे, ठाणे अंमलदारांचे काम दाखवावे, फिर्याद कशी लिहिली जाते ते समजावून द्यावे. पोलीस पाटलांनी वर्षातून एकदा तरी वर्गात येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. पंचायतीने पावसाळ्यापूर्वी आपला आपत्ती आराखडा या मुलांना वाचून दाखवावा.

गणवेश मिळो वा न मिळो, अडचणीच्या प्रसंगी निर्भयपणे ठाण्यात जाऊन खरे सांगू शकेल असा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वाडीत तयार झाला, तर या योजनेचे सार्थक होईल. ते घडवून आणणे आपणा सर्वांच्या हाती आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.