थंडीतली दुपार कुणाची?

(प्रभागसंघाच्या डिसेंबरच्या मासिक बैठकीत अध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताई बैठकीला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

तायांनो, दारापाशी बसलेल्यांनी जरा आत सरका, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

आजच्या विषयपत्रिकेवर "हिवाळ्यातील मोकळ्या वेळेचा सदुपयोग" असं लिहिलंय. मघाशी ते वाचून एक ताई मला म्हणाली, "मोकळा वेळ असलेली बाई आपल्या गावात कोण हाय, सांगा तरी. तिला बघून येऊ." तिचं म्हणणं खोटं नाही. थंडीत काम कमी होत नाही. आंघोळीचं पाणी तापवायचं म्हणून चूल तासभर आधी पेटते, सरपण जास्त लागतं, लेकरांची नाकं वाहतात, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरतात. हे सगळं कुणाच्या अंगावर? सरकारनंच २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण किती वेळ कशात घालवतं त्याची. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात असं निघालं, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७ मिनिटं. हसू नका. आता तुम्ही विचाराल, हे ९७ मिनिटंवाले कोणत्या गावात राहतात. ते त्या पाहणीत गावाच्या नावासकट नाही दिलेलं.

तरी पण महिना-सव्वा महिना असा येतोच. आपल्याकडं सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे उरकतं. मग हरभरा-ज्वारीची पेरणी, खुरपणी. येळवस होते, शेतात भज्जी-आंबील खाऊन आपण घरी येतो. तुरीची रास होते. आणि तिथून हरभरा काढणीला येईपर्यंत रानातलं काम जरा पातळ होतं. दुपारची भांडी घासून झाली की ओट्यावर छान ऊन आलेलं असतं. एक ते चार. मी त्या तीन तासांबद्दल बोलणार आहे.

ज्या बाया कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्यात, त्यांच्या नशिबात हे तीन तासही नाहीत. त्यांची पहाट उसाच्या फडात जाते. त्यांच्या बचतीचा आणि परतफेडीचा विषय आपण मागच्या बैठकीत घेतला, म्हणून आज पुन्हा काढत नाही. पण मोकळ्या वेळेबद्दल बोलताना त्यांना विसरून बोलायला जीभ रेटत नाही.

तर त्या दुपारी आपण काय करतो? बहुतेक जणी गोधडी काढून बसतो. चांगलंच आहे. लुगड्यावर लुगडं अंथरायचं, वरून बरं दिसेल असं कापड घालायचं, कडेनं धावदोरा घालत घालत आत जायचं. दोघी समोरासमोर बसल्या की गप्पाही होतात, टाकेही पडतात. फक्त एक सांगते, आता घरात सुती लुगडी राहिली नाहीत. सिंथेटिक साड्यांची गोधडी दिसायला झगमग असते, पण अंगाला चिकटते आणि ऊब धरत नाही. विकायची असेल तर सुतीच घ्या.

आता खरा मुद्दा. ही गोधडी आपण विकतो कशी?

शहरातून कुणी पाहुणा येतो, हात फिरवून बघतो, म्हणतो, "मावशी, किती छान! हजाराला द्या." आपण म्हणतो, घ्या. का देतो? कारण आपण मनात म्हणतो, नाहीतरी बसूनच होते की. लुगडी जुनीच होती. दोऱ्याचे पैसे सुटले, वर चार पैसे आले, झालं.

आता आपण हिशेब मांडू. फळ्यावर लिहा कुणीतरी. समजा रोज दुपारी दोन तास बसलात आणि वीस दिवसांत एक गोधडी झाली. किती तास? चाळीस. शेतातला रोज आठ तासांचा धरा, म्हणजे पाच दिवसांचं काम झालं. तुमच्या गावात बाईचा रोज किती आहे? कुणी अडीचशे म्हणतंय, कुणी साडेतीनशे. आपण तीनशे धरू. पाच त्रिक पंधरा, पंधराशे रुपये मजुरी. वरचं कापड, दोरा, सुया, शेवटची धुलाई मिळून तीनशे धरा. झाले अठराशे. अजून यात नफा धरलेला नाही, गोधडी फक्त पदरात पडली त्या किमतीला.

ती तुम्ही हजाराला दिली. हजारातून तीनशे सामानाचे वजा करा, उरले सातशे. सातशे भागिले पाच. एकशे चाळीस रुपये रोज. आता मला सांगा, उद्या कुणी शेतकरी दारात आला आणि म्हणाला, १४० रुपये रोजानं खुरपायला या, तर जाल का? त्याला दारातूनच परत पाठवाल. मग स्वतःच्या ओट्यावर बसून त्याच भावात का राबता?

आणि यात आपलं एकटीचंच नुकसान नाही. प्रत्येक गावात एखादी तरी बाई आहे जी गोधड्या शिवूनच घर चालवते. नवरा नाही, रान नाही, लेकरं शाळेत. तिनं अठराशे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, "पलीकडच्या आळीत तर हजाराला मिळते." पलीकडच्या आळीत कोण? आपणच. आपल्याला गरज नव्हती म्हणून आपण स्वस्त दिली, आणि जिला गरज आहे तिचा भाव पडला. म्हणून माझं म्हणणं असं की गोधडीचा भाव एकेका घरानं ठरवूच नये. ग्रामसंघाच्या बैठकीत ठरावा. लहान, मध्यम, मोठी असे तीन भाव ठरवा, त्याच्या खाली कुणी द्यायची नाही, आणि तो ठराव इतिवृत्तात लिहा. गिऱ्हाईक परत गेलं तर जाऊ द्या. गोधडी काही नासत नाही, ती पुढच्या हिवाळ्यातही खपते.

घरच्यासाठी शिवलेल्याचा हिशेब मात्र मांडू नका. लेक बाळंतपणाला आलीय, तिच्या लेकरासाठी दुपटी शिवली, त्याला कुठली मजुरी लावायची! ते वेगळं. पण विकायचं ठरलं की तास लिहायचे. वहीच्या मागच्या पानावर रोज एक रेघ मारली तरी पुरे.

संक्रांतीच्या लाडूचंही हेच. बऱ्याच गटांनी यंदा ऑर्डर घ्यायचं ठरवलंय. ऑर्डर डिसेंबर संपायच्या आत घ्या, भोगीच्या आदल्या दिवशी कुणी सांगितलं तर हात जोडा. तीळ निवडून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, दाण्याचं कूट, चिक्कीचा गूळ. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की गोळी बसली पाहिजे, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण थंडीत मिश्रण भराभर घट्ट होतं, त्यामुळं एकटीनं मोठी घाणी काढू नका. एक ढवळणारी आणि चार वळणाऱ्या, तरच जमतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतून पाणी सुटतं आणि लाडू चिकट होतात. डब्यावर वजन आणि तारीख लिहा. अन्न परवान्याची नोंदणी ज्या गटाची राहिलीय, त्यांनी प्रेरिका ताईला आजच भेटा.

आणि भाव काढताना तीळ, गूळ, दाणे, वेलची, गॅस, डबा सगळं आठवतं, पाच बायांचे हात तेवढे विसरतात. पाच जणी चार तास बसल्या म्हणजे वीस तास, अडीच रोज. तीनशेनं साडेसातशे रुपये. त्यात दहा किलो लाडू झाले तर किलोमागं ७५ रुपये मजुरीचे. ते भावात धरा आणि त्याच दिवशी पाची जणींच्या हातात द्या. "गटाचं काम आहे, गटालाच राहू दे," असं म्हणून मजुरी सोडायची नाही. नफा गटाचा, मजुरी करणारीची. यावर कुणाचं वेगळं मत असेल तर बोला, पण मी काही मागं हटणार नाही.

पैसे फोनवर घेत असाल तर एवढं पक्कं लक्षात ठेवा. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. कधीच नाही. कुणी म्हणालं, "ताई, मी मोठी ऑर्डर देतो, पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका," तर फोन बंद करा. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

वाणाचं बघा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. आपण बाजारातून प्लास्टिकच्या डब्या नि गाळण्या आणतो. आपल्याच प्रभागातल्या बाया कापडी पिशव्या शिवतात, मेथी-पालकाचं बी राखतात. पिशवीत चार बियांच्या पुड्या घातल्या तर वाण होत नाही का? आणि हळदीकुंकवाला नवरा नसलेल्या ताईला मागं बसवायचं आता बंद करू या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, पुढं सरकारनंही तसं पत्रक काढलं. आपल्या गटात तर ती आपल्यासोबतच बचत भरते, कर्ज फेडते. वाण घ्यायलाच तेवढी चालत नाही?

आता सगळ्या दुपारी शिवण्यात आणि वळण्यात घालवायच्या, असंही मला म्हणायचं नाही.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षी आपण फोटोला हार घालतो, भाषण करतो, घरी जातो. यंदा त्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंत, आठवड्यातून दोन दुपारी, एक तास अक्षरओळखीला द्या. आपल्याकडं अजून अंगठा लावणाऱ्या ताई आहेत. त्यांना धडे-कविता नकोत. त्यांना स्वतःचं नाव लिहिता यावं, आणि गटाच्या वहीत जमा कोणतं, कर्ज कोणतं, शिल्लक किती हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं. शिकवायला गटातलीच दहावी झालेली सून बसवा. सासूला सून शिकवतेय म्हटल्यावर घरातलं वातावरणही जरा बदलेल, बघा तुम्ही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. त्याच्या आधीच्या एका दुपारी ग्रामसंघात बसून आपल्या मागण्या लिहून काढा. रस्त्यावरचा दिवा, पाणवठ्याची दुरुस्ती, गटाला बसायला खोली. लिहून नेलेलं इतिवृत्तात येतं, नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं.

आणि एक दुपार उपकेंद्रावर जाऊन रक्त तपासा. हिमोग्लोबिन बारा असायला पाहिजे. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आहे. "थंडीमुळं दम लागतो, थंडीमुळं पाय गळतात" असं आपण म्हणतो, त्यातलं किती थंडीचं आणि किती रक्ताचं, ते सुई टोचल्याशिवाय कळत नाही. हरभऱ्याची भाजी, तीळ, बाजरी आत्ता घरातच आहे. आवळ्याचाही हंगाम आहे, जेवणात असू द्या, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या. मला माहीत आहे, हे सगळ्यात अवघड सांगितलं.

राहिली झोप. दुपारी घटकाभर पाठ टेकली की "झोपा काढते" म्हणणारे घरोघरी आहेत. पहाटे चारला उठून चूल पेटवणाऱ्या बाईनं दुपारी तासभर झोपलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणी काही म्हटलं तर त्यांना ते २९९ मिनिटांचं सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं दोन कागद आणायचे. एकावर गोधडीचे ठरलेले तीन भाव, दुसऱ्यावर अक्षरओळखीला बसणाऱ्या ताईंची नावं. लाडूच्या ऑर्डरची यादी २८ डिसेंबरपर्यंत इथं पोचली पाहिजे, कारण गूळ आणि तीळ आपण सगळ्या गटांचे मिळून एकदम घेणार आहोत, ठोक भावात. ज्यांना उशीर होईल त्यांनी आपापला गूळ आणावा.

आता कोषाध्यक्ष ताई नोव्हेंबरच्या परतफेडीचं वाचून दाखवतील.