पीतबिंदूचा ऱ्हास : वार्धक्य की विकार?

वाचताना अक्षरांचा मध्यभागच पुसट दिसू लागला, तर ते केवळ वार्धक्य समजू नये. तो दृष्टिपटलाच्या केंद्रस्थानी असलेल्या पीतबिंदूचा ऱ्हास असू शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. येथे नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत.

२००५ साली अमेरिकेतील संशोधकांना या विकाराचा एक धागा पहिल्या गुणसूत्रावरील जनुकात सापडला. त्या जनुकाच्या प्रथिनात ४०२ व्या स्थानी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन आले, की शरीराच्या संरक्षणयंत्रणेवरील लगाम सैल होतो आणि विकाराचा धोका वाढतो.

हा वारसा बदलता येत नाही. धूम्रपान मात्र सोडता येते. नव्या रक्तवाहिन्या पाझरणाऱ्या प्रकारात वेळीच दिलेली इंजेक्शने दृष्टी राखू शकतात. म्हणून वृद्धांनी एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी. ती वाकडी भासल्यास नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये.