विळ्याची मूठ आपल्या हाताची

कापणीचे दिवस जवळ आले की आम्ही गटातल्या बाया आधी विळे काढून बघतो. पातं धडधाकट असतं, पण मूठ हलत असते. मग कुणी चिंधी बांधतं, कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतं. घामाने चिंधी सरकते, विळा हातात फिरतो आणि बोट कापतं. भर कापणीत हात कापला म्हणजे आठवडाभराची मजुरी गेली. म्हणून आज बोलू या, नवी मूठ घरी कशी बसवायची.

लाकूड बाभळीचं घ्या. ते कठीण, चिवट असतं, म्हणून अवजारांच्या दांड्यांना पूर्वापार वापरतात. भरीव बांबूही चालतो. कण्हेर मात्र नको, ते झाड विषारी. बिब्ब्याचं लाकूडही नको, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. लाकूड सावलीत चांगलं वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, चिरतं आणि मूठ पुन्हा ढिली होते.

आता माप. बाजारातली मूठ आपल्या हातात बसेलच असं नाही. आपली मूठ आपणच मापायची. लांबी आपल्या पंजाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त. जाडी एवढी, की मूठ आवळल्यावर अंगठा मधल्या बोटाला टेकेल. फार जाड मूठ धरून दिवसभरात मनगट भरून येतं.

गिरमिटाने मुठीच्या बरोबर मधोमध सरळ भोक पाडा. पात्याचं जे टोक मुठीत जातं, त्यापेक्षा भोक किंचित अरुंद ठेवा. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं घट्ट बसवा, म्हणजे लाकूड फुटत नाही.

भोकात चपडा लाखेचा चुरा भरा. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. पात्याला ओलं फडकं गुंडाळा, कारण धारेला आच लागली तर पोलाद मऊ पडतं. मागचं टोक तेवढं निखाऱ्यावर तापवा आणि भोकात दाबा. लाख वितळून फटी भरते. मग पातं वर, तोंडापासून लांब धरून मुठीचं बूड दगडावर दोन-चार वेळा आपटा. टोक आत घट्ट बसतं. पातं सरळ आहे ना ते बघून पूर्ण निवू द्या. हे काम मोकळ्या जागेत, पोरं लांब ठेवून, दोघींनी मिळून करा.

शेवटी मूठ घासून गुळगुळीत करा आणि जवसाचं तेल पातळसं चोळा. ते मुरून वाळतं, पाणी आत शिरू देत नाही. तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

असा विळा चुलीजवळ किंवा गरम पाण्यात ठेवू नका, लाख मऊ होते. भाजी चिरायच्या सुरीलाही हीच रीत चालते.

आणि हात कापलाच, तर हळद दाबून गप्प बसू नका. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

येत्या बैठकीला प्रत्येकीने आपला विळा आणा. कुणाकडे गिरमिट असेल, कुणाकडे बाभळीची वाळली फांदी. एका दुपारी सगळ्या गटाचे विळे तयार होतील.