स्नायूंतील शिल्लक



आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही, ते रात्री वाचनालयात बसून मिळविलेले. शास्त्रावर आम्ही बोलावे हा आगाऊपणाच. पण तसे कारण घडले.

काही वर्षांपूर्वी एका गोदामात आमच्या एका हमालबंधूच्या मांड्यांवर कापसाच्या गासड्या कोसळल्या. चार तासांनी त्याला बाहेर काढले. तो पाणी प्याला, आमच्याशी बोललाही. हाड मोडले नव्हते, म्हणून आम्हीच त्याला घरी पोचविले. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मग बंद पडली. पाचव्या दिवशी तो गेला. कशाने? या प्रश्नापायी आम्ही पुस्तके धुंडाळली.

कोंबडीची तंगडी तांबूस आणि छाती पांढरी का? तंगडी दिवसभर राबते, छाती क्वचित. सतत राबणाऱ्या स्नायूत मायोग्लोबिन नावाचे तांबडे प्रथिन भरपूर असते. रक्तातले हेमोग्लोबिन प्राणवायू वाहून आणते, तो हमाल. मायोग्लोबिन हा कोठीवाला. त्याच्यातील लोहाच्या एका अणूवर प्राणवायूचा एक रेणू बसतो. स्नायूला प्राणवायू कमी पडला की कोठीवाला ही शिल्लक सोडतो. देवमाशाजवळ ती फार मोठी असते; म्हणून तो इतका वेळ पाण्याखाली राहू शकतो. त्याच्याच मायोग्लोबिनवरून केंब्रिजच्या जॉन केंड्रू यांनी १९५८ साली प्रथिनाची त्रिमिती घडण प्रथमच उकलली आणि १९६२ साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

माणसात हे प्रथिन म्हणजे १५३ दुव्यांची साखळी. ती कशी ओवावी याचा आराखडा बाविसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. तो हृदयाच्या पेशीत असतो तसा कातडीच्या पेशीतही असतो. पण उघडून वापरतात तो मुख्यतः हृदयाच्या आणि हाडांवरील स्नायूंच्या पेशी. मज्जातंतूचा हुकूम आला की स्नायूपेशीत कॅल्शियम वाढते. हुकूम वरचेवर येत राहिले की त्या खुणेने जनुकाच्या नकला अधिक निघतात आणि प्रथिन वाढते. कामाची हाक अशी गुणसूत्रापर्यंत पोचते! १९९८ साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर शास्त्रज्ञांनी वाढविले, तर तेही धावले. त्यांच्या शरीराने हृदयातील केशवाहिन्या वाढवून उणीव भरून काढली होती.

आता आमच्या बंधूकडे येऊ. स्नायू चिरडला की पेशी फुटतात. ओझे आहे तोवर मायोग्लोबिन तेथेच अडकून पडते; ओझे उचलताच ते रक्तातून मूत्रपिंडात जाते आणि तेथील बारीक नळ्या तुंबवते. १९४१ साली लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हा आजार वर्णिला.

उपाय आहे. शिरेतून सलाईन लवकर, शक्य तर ओझे उचलण्यापूर्वीच, सुरू करावे. म्हणून माणूस दबला असेल, तर त्याला काढण्याची धडपड सुरू होताच डॉक्टरला बोलवा. आणि बाहेर काढलेला माणूस हसत-बोलत असला, तरी त्याला घरी नेऊ नका, रुग्णालयात न्या.

आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हते. आता तुम्हाला ठाऊक आहे.