मोठी बांधकामे आणि भागीदारी

धरण, सागरी सेतू किंवा भुयारी मार्ग यांसारखे मोठे काम निघाले की बांधकाम संस्था पुष्कळदा एकट्याने निविदा भरीत नाहीत. एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या संस्था त्या कामापुरत्या एकत्र येतात आणि काम पुरे झाले की विलग होतात. अशा भागीदारीस संयुक्त उपक्रम म्हणतात.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरील हूवर धरण हे याचे गाजलेले उदाहरण होय. या २२१ मीटर उंचीच्या धरणाच्या निविदा मार्च १९३१ मध्ये उघडण्यात आल्या. काम घेणाऱ्यास ५० लाख डॉलर्सची हमी द्यावयाची होती. मंदीच्या त्या काळात एवढा भार एकट्याने उचलणे कंत्राटदारांना अवघड होते. म्हणून पश्चिम अमेरिकेतील कंत्राटदारांनी एकत्र येऊन ‘सिक्स कंपनीज’ हा उपक्रम स्थापन केला आणि सुमारे ४ कोटी ८९ लाख डॉलर्सच्या निविदेवर काम मिळविले.

भांडवल व हमी हे भागीदारीचे पहिले कारण. दुसरे कारण अनुभवाचे. या भागीदारांपैकी कोणी रेल्वेमार्ग व मातीकामात, कोणी बोगद्यांत, कोणी पाण्याखालील पायांच्या कामात, तर कोणी इमारतींच्या बांधकामात मुरलेला होता. तिसरे कारण जोखमीचे. नफ्याप्रमाणे तोटाही वाटला जातो. त्यामुळे एका कामातील अपयशाने एखादी संस्था समूळ बुडण्याचा धोका कमी होतो.

महाराष्ट्रातील अनुभव याहून निराळा नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू अनेक भागांत विभागून बांधण्यात आला. त्यांपैकी एक भाग लार्सन अँड टुब्रोने जपानच्या आयएचआय या संस्थेसह, तर दुसरा टाटा प्रोजेक्ट्सने दक्षिण कोरियाच्या देवू या संस्थेसह पूर्ण केला. जहाजांच्या वाटेवर खांबांमधील अंतर मोठे ठेवणे आवश्यक होते. तेथे पोलादी तुळ्यांचे नवे तंत्र वापरण्यात आले. अशा ठिकाणी परदेशातील अनुभव व येथील मनुष्यबळ परस्परांस पूरक ठरतात.

तथापि, श्रोतेहो, केवळ एकत्र येण्याने काम तडीस जात नाही. हूवर धरणावर भागीदार अनेक असले, तरी प्रत्यक्ष कामाची सूत्रे फ्रँक क्रो या एकाच अभियंत्याच्या हाती होती. १९३६ मध्ये, मुदतीच्या दोन वर्षांहून अधिक काळ आधी, धरण शासनाच्या ताब्यात देण्यात आले. परंतु याच कामावर कडक उन्हाळा, अपुरी निवासव्यवस्था आणि वेतनातील कपात यांमुळे ऑगस्ट १९३१ मध्ये मजुरांनी संप केला होता. भागीदारी कितीही समर्थ असली, तरी मजुरांच्या हिताची काळजी तिच्यातून आपोआप घेतली जात नाही, हाच त्याचा बोध.

काम देणाऱ्या शासकीय यंत्रणेने म्हणूनच दोन गोष्टी पाहणे अगत्याचे आहे. प्रमुख भागीदार कोण, हे करारात स्पष्ट असावे. तसेच सर्व भागीदार संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार असावेत. म्हणजे एकाने काम अर्धवट सोडल्यास ते पुरे करण्याचे दायित्व उरलेल्यांवर येते. हे कलम नसेल, तर रस्ता खचल्यावर किंवा पाण्याची टाकी गळू लागल्यावर भागीदार एकमेकांकडे बोट दाखवितात आणि खर्च अखेर जनतेच्या माथी पडतो. भागीदारांनी नफा खुशाल वाटून घ्यावा. जबाबदारी मात्र अखंड राहिली पाहिजे.