घरचा फोन: ठेवायचा की काढायचा?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव साहेबांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच दिला. स्मरणिकेसाठी सभासदांची माहिती गोळा करताना फॉर्मवर 'घरचा दूरध्वनी' असा एक रकाना छापला गेला. बहुतेकांनी तिथे आडवी रेघ मारली. काहींनी नंबर लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. एका ताईंनी तर लिहिलं, "आहे, पण काढायचा विचार चालू आहे. काय करावं?" मी दूरसंचार खात्यात लाईनमन म्हणून लागलो आणि टेलिकॉम मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे तो फॉर्म थेट माझ्या हातात आला.

तुम्ही म्हणाल, याने जन्मभर फोन जोडले, हा काय काढा म्हणणार! तर आधीच सांगून टाकतो, माझ्या स्वतःच्या घरी आज लँडलाईन नाही. आणि आपल्याच ले-आऊटमधल्या एका आजींना मी ती ठेवा म्हणून सांगितलं. हे दोन्ही बरोबर कसं, तेवढंच आज बोलतो.

आधी थोडं मागे जाऊ. फोन या देशात जुना आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ ला सुरू झाली. पण तो खेड्यापर्यंत यायला शंभर वर्षं लागली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, सॅम पित्रोदांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी खेड्यांसाठी १२८ लायनींचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. त्याला एसी लागत नव्हता, ऊन आणि धूळ ते सोसायचं. आपल्यासारख्या गावांत घराघरात घंटी वाजायला लागली त्यात या यंत्राचा मोठा हात आहे.

आपली संस्था उभी राहिली तो काळ आठवा. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला होता. १ ऑक्टोबर २००० ला आमच्या खात्याचं बीएसएनएल झालं. शेलूबाजार म्हणजे चार रस्त्यांचं गाव, अकोला, मंगरुळपीर, कारंजा, मालेगाव, कुठेही जायचं तर इथून. मालाचा बाजार असल्यामुळे व्यापाऱ्यांना अकोल्याचा भाव दुपारच्या आत कळायला हवा असायचा. ज्यांच्याकडे फोन, त्यांच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असायची. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापायचे आणि पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचे. आठवते ना?

मग मोबाईल आला. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, पण येणाऱ्या कॉललासुद्धा पैसे पडायचे. २००३ मध्ये ते बंद झालं आणि तिथून लँडलाईनची उतरती कळा लागली. आता तर समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आपल्या गावाजवळ झाला, पोरं नागपूरहून निघतात आणि वाटेतून चार वेळा बोलतात. घरचा फोन कोपऱ्यात विणलेलं कापड पांघरून बसला आहे.

तरी एक गोष्ट लोक मला नेहमी ऐकवतात. "काका, लाईट गेली तरी घरचा फोन चालते." हे वाक्य आज तपासून घ्यायला पाहिजे, कारण अर्धं खरं राहिलं आहे.

तांब्याच्या तारेचा फोन लाईट नसताना का चालायचा? कारण त्याला लागणारी वीज तुमच्या घरची नव्हतीच. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते, ४८ व्होल्टची. ती वीज तारांच्या जोडीतून खांबावरच्या डीपीपर्यंत यायची. ही डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे, तारांची डबी. तिथून ड्रॉप वायरने ती तुमच्या भिंतीवर यायची. भारनियमनाच्या दिवसांत तासन् तास अंधार असायचा, तरी फोन जिवंत, ते यामुळे.

आता बहुतेक ठिकाणी तांब्याच्या जागी फायबर येत आहे. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. घरात जी पांढरी किंवा काळी डबी बसवतात ती उजेडाचा आवाज करते, आणि ती डबी तुमच्या घरच्या प्लगवर चालते. म्हणजे लाईट गेली की डबी बंद, डबी बंद की फोन मुका. बिनतारी हँडसेटचंही तसंच, त्याच्या बुडाशी वीज लागतेच. 'अडीअडचणीला असू द्या' म्हणून फोन ठेवला असेल आणि तो फायबरवर असेल, तर आज रात्री घरी जाऊन मेन स्विच पाडा आणि रिसीव्हर कानाला लावून बघा. आवाज नसेल तर अडचणीच्या वेळी तो तुमच्या कामाचा नाही.

याला उपाय आहे. राऊटरसाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. डबीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलं आहे ते वाचा आणि त्याच मापाचा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून डबीचा प्लग त्याच्यावर घ्या. फोन मात्र साधा, वायरवाला ठेवा.

आता त्या आजींचं. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. मुलगा पुण्याला. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "आई, बिल माझ्या खात्यातून जाते. मोबाईल घेऊन दिला. मग हा डबा कशाला?" आजी म्हणाल्या, "कायले काढतं रे बापा? तो मोबाईल मले सापडतच नाही. वाजते कुठं अन् शोधा कुठं!" मायलेकांत वाजलं आणि मला बोलावणं आलं.

मी म्हटलं, भाऊ, आज काही ठरवू नको. फोनजवळ एक वही ठेव. आठ दिवस कोणाचा फोन आला, कोणी उचलला, कोणाला लावला, सगळं लिही. वहीत काय निघालं? रिसोडच्या बहिणीचा फोन रोज दुपारी. औषधाच्या दुकानाला दोनदा. कर्ज पाहिजे का विचारणारे चार-पाच. आणि वही चाळता चाळता शेजारच्या वहिनी सहज बोलून गेल्या, "त्या पहाटी आजीचा फोन आला नसता तर आम्हाले कळलंच नसतं."

मुलगा बघतच राहिला. झालं असं होतं की उन्हाळ्यात एका पहाटे आजींची साखर उतरली होती. लाईट नव्हती, चष्मा सापडत नव्हता. उशाशी फोन होता, वहिनींचा नंबर बोटांना पाठ होता. अंधारात आकडे चाचपून त्यांनी लावला, वहिनी साखरपाणी घेऊन धावल्या. पोराला घोर नको म्हणून आजींनी सांगितलंच नव्हतं. बिल कोण भरतं हे त्याला माहीत होतं, फोन कोणाला धरून ठेवतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

फोन राहिला. पण मी तिथे थांबलो नाही, कारण तो तांब्यावर होता आणि आता फायबर होणार होता. तसाच बदलला असता तर पुढच्या अंधारात तोच फोन मुका राहिला असता. म्हणून आधी यूपीएस आणला, मग फायबर घेतलं. मेन स्विच पाडून आजींच्याच हाताने वहिनींना फोन लावून पाहिला. भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर लावले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावा लागतो, म्हणून प्रत्येक मोबाईल नंबर शून्यासकट लिहिला. खाली अँब्युलन्सचा १०८ आणि तातडीचा ११२.

माझ्या घरी आम्हीही वही ठेवली होती. आठ दिवसांत आमच्यापैकी कोणाच्याच कामाचा एकही फोन आला नाही. मोबाईल सगळ्यांना नीट वापरता येतो, घरात चार माणसं असतात. मग काढला. चाळीस वर्षांची नोकरी असली म्हणून भिंतीवर देव्हारा करून ठेवायचा नसतो.

खर्चाचा हिशोबही करा. समजा महिन्याचं भाडं २०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३६. वर्षाचे झाले २,८३२. ज्या घरी फोन कोणी उचलत नाही तिथे हे पैसे जास्त आहेत. आजींच्या घरी ते काहीच नाहीत.

काढायचा ठरला तर घाई करू नका. बँक, गॅस एजन्सी, एलआयसी, पेन्शनचे कागद, यांत कुठे तो नंबर दिला आहे का बघा आणि बदलून घ्या. नातेवाइकांना कळवा. थकबाकी भरून लेखी अर्ज द्या, मोडेम परत करून पावती घ्या, अनामत रक्कम कोणत्या खात्यात येणार ते विचारा. मोबाईलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, ती सोय २०११ मध्ये देशभर आली. लँडलाईनला ती नाही. नंबर सोडला की गेला. फायबर घेताना जुना नंबर राहतो का, हेही अर्जाआधीच विचारा.

आणि फोन कोणताही असो, पलीकडून कोणी पोलीस म्हणून दरडावलं, 'डिजिटल अटक' म्हणालं, तर रिसीव्हर ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. आपल्या आई-वडिलांना हे आज रात्रीच सांगा.

ताई, तुमच्या फॉर्मला माझं उत्तर एवढंच. घरात दुपारी आणि रात्री एकटं कोण असतं, त्याला विचारा. वही ठेवा. मेन स्विच पाडून बघा. मग ठरवा. आणि मुलं बाहेरगावी असतील तर त्यांनी परस्पर अर्ज देऊ नये, आधी घरी येऊन आठ दिवस राहावं. फोनचं ठरेलच, त्या निमित्तानं आई-बाबांचंही काही कळेल.

दहा मिनिटं झाली, सचिव साहेब घड्याळ दाखवत आहेत. थांबतो.